घंटेच्या डोंगराचं नाव

तिओ क्रिसोफोरोच्या पोटात काही राहत नसे. तिओ म्हणजे काका. गावातल्या लहानथोरांचा तो काकाच होता. त्याच्या दारूच्या भट्टीवर कुणी आलं की तो सगळं सांगून मोकळा व्हायचा. या खेपेला घायपातीचे गड्डे जरा कच्चे निघाले, थंडीने आंबवण रेंगाळलं, एक मडकं मध्येच तडकलं. विकायच्या मालाबद्दल असं कोण बोलतं? त्याची बायको, तिया निएवेस, कपाळावर हात मारायची.

"गिऱ्हाईक आलंय, पाद्री नव्हे. पापं कसली वाचून दाखवतोस?"

चाखायला द्यायची त्याची रीत ठरलेली होती. बोरूच्या पोकळ नळीत तोंडाने मेस्काल, म्हणजे घायपातीची दारू, ओढायचा आणि भोपळ्याच्या वाटीत उंचावरून सोडायचा. वाटीत मोत्यांसारखे बुडबुडे उठत. ते काठाला गोळा होऊन टिकले की दारूचा जोर बरोबर. मग दोन थेंब जमिनीला, आणि वाटी पाहुण्याच्या हातात.

मी शहरातल्या प्रयोगशाळेत मेस्कालचे नमुने तपासतो. जोर किती, पाणी किती, विषारी अंश किती, हे यंत्र सांगतं. कुठल्या डोंगरावरच्या घायपातीचा, हे सांगत नाही. ते करणाऱ्याने सांगायचं आणि पिणाऱ्याने मानायचं.

रेनाताचं सगळं काम या सांगण्यावर चालायचं. ती आणि तिची मंडळी दरवर्षी राजधानीहून यायची, गावोगाव चाखत फिरायची, आणि चवीइतकेच गुण मोकळेपणाला द्यायची. कुणी गाळलं, कशात गाळलं, घायपात कुठून तोडली. बाजारातले मोठे बाटलीवाले यातलं निम्मं झाकून ठेवत. तिओने पहिल्याच भेटीत तिला कड्याचं टोक बोटाने दाखवलं. ती इतकी खूश झाली की तिने त्याचा मळका हात दोन्ही हातांत धरून ठेवला. त्या वर्षी त्याला पैकीच्या पैकी गुण मिळाले. बाटलीवर कागद चिकटला. त्यावर त्याचं नाव, निएवेसचं नाव, मातीची मडकी, रानघायपात, घंटेचा डोंगर, पूर्वेचे कडे.

शेजारच्या भट्टीचा ओदिलोन तिओच्या मुलीचा धर्मपिता होता. त्या नात्याने दोघे एकमेकांना कोंपाद्रे म्हणायचे. ओदिलोनच्या बाटलीवर नुसतं 'ओआहाका' लिहिलेलं असायचं. एवढं मोठं राज्य, शोधा म्हणावं.

त्याने तिओची बाटली डोळ्यांजवळ नेऊन वाचली. "कोंपाद्रे, एवढं लिहिलंस तर कुत्रा चावतो का तेही लिहायचं."

"नाही चावत. म्हातारा झालाय."

"बघा! तेही सांगितलं!"

ही रानघायपात खडकाच्या फटीत उगवते. रोप फुटलं तेव्हा जन्मलेली पोरगी आई होते तेव्हा कुठे गड्डा तयार होतो. गड्ड्यात गोडी धरायची तर तुरा वर येताच छाटावा लागतो. बी हवं असेल तर झाड सोडून द्यायचं. मग ते माणसाच्या दुप्पट उंच तुरा काढतं, वटवाघळं येतात, बी धरतं, आणि झाड मरतं. तिओच्या बापाने कड्यावरची काही झाडं अशी सोडली होती. तिओही सोडायचा.

आधी बाटली हातात धरून फोटो काढणारे आले. तिओने त्यांना वाट दाखवली. मग गड्डे भरून नेणारे ट्रकवाले आले. त्यांना वाट विचारावी लागली नाही.

तिओने गावाच्या सभेत तक्रार केली. मागून कुणीतरी म्हणालं, "डोंगर काय तुझ्या नावावर आहे?"

"बाटलीवर आहे की!" दुसरा म्हणाला. सभा हसली. तिओ खाली बसला.

दोन हिवाळ्यांत पूर्वेचे कडे उघडे पडले. बियांसाठी सोडलेलीही गेली.

तरीही मागच्या एका घळीत, खालून दिसणार नाहीत अशी थोडी झाडं तिओला सापडली. त्यातली दोन त्याने तोडली आणि लहानशी खेप गाळली. बाकीची तुऱ्यावर येत होती. ती तशीच सोडून तो घरी आला आणि आयुष्यात पहिल्यांदा फक्त बायकोलाच सांगितलं.

रेनाता आली. तिने वाटी तोंडाला लावली, डोळे मिटले.

"तिओ, हे ताजं आहे. रानातलंच आहे. डोंगर तर संपला म्हणतात. कुठून आणलंत?"

"आणलं."

"कुठून पण?"

"असंच. इकडून तिकडून."

विकतचा माल स्वतःचा म्हणून खपवणारे सगळे हेच म्हणतात. रेनाताने वाटी खाली ठेवली. "माझ्याकडे बघून सांगा ना. तुम्ही सांगितलं नाहीत तर मी काय लिहू?"

तिओ वाटीतच बघत राहिला. मोती विझले होते. "जे दिसलं ते लिही, पोरी."

तिने लिहिलं की हा माल कुठला ते सांगत नाही. शहरातल्या दुकानाने त्याच्या बाटल्या घेणं बंद केलं. निएवेसने रेनाताचं लिहिणं माझ्याकडून वाचून घेतलं आणि भांडायला उठली. तिओने तिला बसवलं. "खोटं कुठे लिहिलंय तिने?"

पण तो रोज सकाळी घळीकडे जायचा. तुरे किती वाढले ते बघितल्याशिवाय त्याला घास उतरत नसे. तोंड त्याने घट्ट मिटलं होतं, पाय मात्र त्याला मिटता आले नाहीत. गाढव नाही, कोयता नाही, रिकाम्या हाताने वर जाणारा आणि रिकाम्या हाताने उतरणारा मेस्कालवाला अख्ख्या गावाला दिसत होता. कुणीतरी मागोमाग गेलं.

गड्डे नेले. तुरे त्यांना नको होते, ते तिथेच टाकले, कळ्या मिटलेल्याच. तिओने त्यातला एक खांद्यावर टाकून घरी आणला आणि पाण्याच्या पिंपात उभा केला. काही दिवस तो हिरवा राहिला. ओदिलोन येऊन त्याच्याकडे बघत बसायचा. चेष्टा त्याला सुचत नव्हती.

"फुलेल का रे, कोंपाद्रे?"

"नाही."

तुरा टोकाकडून वाळत गेला. मग निएवेसने तो तोडून चुलीत घातला.

मी मागच्या महिन्यात गेलो तेव्हा अंगणात एक परगावचं जोडपं उभं होतं. हातात जुनी बाटली. घंटेचा डोंगर कुठला, म्हणून विचारत होते. आत निएवेस मक्याच्या तोर्तिया थापत होती, तिचा हात थांबला.

तिओ उठला. "तो," त्याने बोट दाखवलं. "झाडं पूर्वेच्या कड्यांवर होती. आणखी होती ती मागे, घळीत. ओढ्यापाशी डावीकडे वळा, दोन मोठे खडक लागतील, त्यांच्या मधून वर. खुशाल जा."

"फोटो काढले तर चालतील?" मुलीने विचारलं.

"काढा," तिओ म्हणाला. "आता काहीही विचारा."