मुळी ओळखणारा

सेलूत कोणाच्या संडासाची पाइपलाइन झाडाच्या मुळ्यांनी तुंबली की त्यालाच बोलावतात. तो चेंबरपाशी उकिडवा बसतो, आत डोकावतो आणि म्हणतो, "निघन, पक्कं." हे "पक्कं" त्याच्या प्रत्येक वाक्याला असतं आणि ते खरंही ठरतं. मुळ्यांचा गुंता ओढून काढला की त्यातली एक मुळी तो बादलीत धुतो, नखानं खरवडतो, वास घेतो आणि झाडाचं नाव सांगतो.

आमची लाइन शेजाऱ्यांच्या उंबरानं तुंबते, असं मी, विज्ञानाचा निवृत्त मास्तर, दोन वर्षं ठासून सांगत होतो. झाड तोडा म्हणून भांडलो, बोलणं बंद झालं. परवा लाइन पुन्हा तुंबली म्हणून त्याला बोलावलं. त्यानं मुळी खरवडली तेव्हा शेजारी भिंतीपलीकडे उभेच होते. उंबराच्या मुळीतून पांढरा चीक निघतो. हिच्यातून निघाला नाही. त्यानं वास घेतला आणि माझ्या अंगणातल्या कडुलिंबाकडे एकदा पाहिलं.

"कोन्या झाडाची आहे?" शेजाऱ्यांनी विचारलं.

"पक्कं सांगता येत नाई, भाऊ."

हे वाक्य त्याच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. मग मुळी माझ्या हातात देत तो हळूच म्हणाला, "सर, मी सांगतलं तं भांडन वाढन. तुमी सांगतलं तं मिटन, पक्कं."

मुळी घेऊन मी भिंतीपाशी गेलो.