पहिला श्वास लाभाचा

इंदू गेली तेव्हा मी जपानमधल्या ग्योतोकुच्या घरात कचरा वेगळा करत बसलो होतो. जळणारा एका पिशवीत, प्लॅस्टिक दुसरीत. ती दवाखान्यात गेल्यापासून ते काम माझ्याकडे आलं होतं, आणि खालच्या मजल्यावरची म्हातारी माझी चुकलेली पिशवी दोनदा दारात परत ठेवून गेली होती. फोन वाजला. आमचा मुलगा प्रकाश तोयोसुच्या ऑफिसात मीटिंगमध्ये, उचलत नव्हता, म्हणून दवाखान्यानं घरी लावला. नर्सबाई भराभरा जपानी बोलत होती. मला त्यातलं 'ओकुसान' एवढंच कळलं, म्हणजे बायको. मी इथं शिकलेलं एकच उत्तर देत राहिलो, 'हाय, हाय.' त्यांच्यात त्याचा अर्थ 'हो'. बाई सांगत होती की तुमची बायको गेली, आणि मी हो हो म्हणत होतो... मग पिशवीला गाठ मारली आणि सुनेला फोन लावला, "दवाखान्यातून काहीतरी बोलले, बघ जरा."

त्याला सहा आठवडे झाले. मी चौथी शिकलेला वेल्डर, लेख लिहिणं माझं काम नव्हे. मी बोलतोय आणि सून मंजिरी टाइप करतेय. एक अक्षर गाळायचं नाही, असं तिला बजावलंय.

तीन वर्षांपूर्वी आम्ही इकडे आलो. पुण्यातली कॉम्प्युटरवाली पोरं तेव्हा रांगेनं जपानला निघाली होती, त्यात आमचाही एक. मंजिरी डॉक्टर, ती इथल्या एका विद्यापीठात लहान मुलांच्या छातीच्या आजारांवर संशोधन करते. थायलंडच्या दवाखान्यांत आजारी पडून आलेल्या पोरांच्या फिल्म त्यांच्याकडे येत. आवाज नाही, चेहरा झाकलेला, नुसती उघडी छाती आणि पोट. एका मिनिटात छाती किती वेळा वर येते ते मोजायचं. पोर वर्षाच्या आतलं असलं आणि आकडा पन्नास किंवा वर गेला, तर न्यूमोनिया धरायचा. तिकडच्या खेड्यातल्या न शिकलेल्या आयांना हे जमेल का, ते त्यांना बघायचं होतं. त्यासाठी आधी इथं न शिकलेली माणसं बसवून पाहणार होते.

मंजिरीनं विचारलं, "आई, तुम्ही याल?"

"अडाणीच पाहिजे असेल तर तुझ्या सासऱ्यांना ने की. माझ्यापेक्षा मुरलेले आहेत."

प्रकाश हसत म्हणाला, "आई, तुला बाइतो लागला!" पार्टटाइम नोकरीला इथं तसं म्हणतात. पगार नव्हता, चहा मिळायचा. आठवड्यातून दोन दिवस ती सुनेबरोबर ट्रेननं जायची. तिथं सगळे तिला 'इंदू-सान' म्हणायचे. मी चिडवायचो, "काय इंदू-सान, आज किती पोरं बघितली?" तर ती म्हणायची, "बघितली नाहीत, मोजली. बघितलं तर मोजता येत नाही."

दोन महिन्यांनी मंजिरी घरी आली ती खुशीत. म्हणाली, "बाबा, आईंचा आकडा प्रत्येक फिल्मला बरोबर एकानं कमी येतो. कधी दोननं नाही, कधी जास्त नाही. पहिला श्वास कुठं जातो, आई?"

इंदू म्हणाली, "तो लाभाचा."

आमच्याकडे धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. बहुतेक लोक लाभ झाला की दोन म्हणतात. हिच्या माहेरी लाभानंतर एक. तिनं श्वासही तसेच मोजले होते. सुनेला आनंद असा, की माणसं घरच्या सवयीनं मोजतात हे आधी कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं, आता थायलंडच्या आयांनाही विचारता येईल की तुमच्याकडे पहिला कसा मोजता. ती उत्साहानं सांगत होती. इंदूच्या हातातला चहा तसाच राहिला होता.

"सात महिन्यांचं एक होतं," ती म्हणाली. "त्याचे मी एकोणपन्नास सांगितले."

"आई, त्या जुन्या फिल्म आहेत. त्याच्यावर उपचार तेव्हाच झाले. तुमच्या आकड्यानं त्याचं काही बिघडलं नाही."

"ते जगलं का?"

"आम्हाला नाव कळत नाही. नुसता नंबर असतो."

इंदूनं वाटी-चमचे गोळा केले, पुन्हा खाली ठेवले. मग मंजिरीनं सहज विचारलं, "तुमचं पहिलं बाळ असंच गेलं ना? गावाकडं डॉक्टर नव्हता म्हणून?"

चाळीस वर्षं मी सगळ्यांना तेच सांगत आलो होतो. डॉक्टर नव्हता, रस्ता नव्हता. प्रकाशलाही तेच सांगितलेलं. इंदूनं माझ्याकडे बघितलं. मी टीव्हीकडे बघत होतो.

"नव्हता," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दोघंच घरात असताना तिनं विषय काढला. आवाज चढवला नाही. "मी काल खोटं बोलले. पोरीच्या तोंडावर. आता परत बोलणार नाही, आणि खरंही माझ्या तोंडानं सांगणार नाही. ते तुमचं आहे. तुम्ही सांगा."

मी म्हणालो, "बरं."

नुसतं बरं! त्यावर दीड वर्ष गेलं. ती पुन्हा मोजायला गेली नाही. लॅबमधल्या मुलींनी दोनदा निरोप पाठवला, तर म्हणाली गुडघे दुखतात. कधी मंजिरी आणि मी समोरासमोर बसलेले असताना ती मुद्दाम उठून आत जायची, मला जागा करून द्यायला. मी कपबशी विसळायला उठायचो. उभ्या जन्मात कधी कपबशी विसळली नव्हती. मग या हिवाळ्यात तिला फ्लू झाला, त्याचा न्यूमोनिया. दवाखान्यात नळी लावलेली, बोलता येत नव्हतं. मी गेलो की ती भुवया उडवून विचारायची. काय विचारते ते मला कळायचं. मी म्हणायचो, "सांगतो, सांगतो. तू बरी होऊन ये."

ती आली नाही.

तर आता सांगतो. मंजिरी, थांबू नको, टाइप कर. बाळाची छाती भात्यासारखी उडत होती आणि इंदू म्हणाली, तालुक्याला डॉक्टरकडे नेऊ. मी म्हणालो, थांब, सर्दी आहे, उतरेल. मी वस्तीवरच्या माणसाला बोलावून बाळाच्या पोटावर बिब्ब्याचे चटके देववले. पाय मीच धरले होते. इंदू त्याला पदरात गुंडाळून दोनदा दारापर्यंत गेली, दोन्ही वेळा मी तिला हाताला धरून मागे आणलं. संध्याकाळी तो गेला. त्याचं नाव अरुण. ते नाव तिनं माझ्यासमोर पुन्हा कधी काढलं नाही, मला लागेल म्हणून.

तालुक्याला डॉक्टर होता. रस्ता होता. दुपारची एस्टी आमच्या दारावरून गेली, आणि ती निम्मी रिकामी होती.