बत्तीस डिग्रीतून बर्फात चालवलेली गाडी

बरोबर चार वाजून अकरा मिनिटं. वेळ पक्की लक्षात आहे, कारण मी आमच्या लेकीच्या, ओवीच्या पाठीला घामोळ्यांची पावडर लावत होते आणि पंखा पाचवर होता. तेवढ्यात आमच्या ह्यांचा कोरियातून मेसेज आला. ‘बर्फ सुरू झालाय. गाडी घेऊन खोलीवर निघालोय.’

मी तो जसाच्या तसा आमच्या सिंगापुरातल्या सेम्बावांगच्या मराठी ग्रुपवर टाकला. तीच माझी चूक! त्या दिवसापासून पुढचा महिनाभर ह्यांची गाडी आमच्या अख्ख्या ब्लॉकनं मिळून चालवली. किस्से इतके साठलेत की कुणाला एक सांगायला घ्यावा, तर तो संपायच्या आत दुसरा आठवतो. शेवटी म्हटलं, एकदाचे लिहूनच काढावेत.

आमचे हे, म्हणजे महेश, मरीन इंजिनिअर. एका जहाजाच्या कामासाठी कंपनीनं चार महिने कोरियातल्या एका यार्डात पाठवलं होतं. यार्ड ते खोली बारा किलोमीटर, मध्ये एक छोटा घाट, आणि चालवायला कंपनीची गाडी. सिंगापुरात आमच्याकडे गाडी नाही. इथं एमआरटी आहे, बस आहे, पाय आहेत. ह्यांनी शेवटची गाडी चालवली ती साताऱ्यात, मामेभावाच्या लग्नात. नवरदेवाला घेऊन थेट मांडवात घातली होती.

आणि मला काळजी दुहेरी. जानेवारीत ओवीची पहिली सुरू होणार होती. मी सातवीपर्यंत शिकलेली. शाळेच्या दारात टीचरनं इंग्रजीत काहीतरी विचारलं आणि मी नुसतीच हसत उभी राहिले तर? म्हणून ठरलं होतं, पहिल्या दिवशी बाबा येणार आणि ओवीचा हात धरून नेणार. म्हणजे हा माणूस मला धडधाकट परत हवा होता, आणि वेळेवर हवा होता!

*

पहिल्या दिवशी मेसेज टाकल्यावर नऊ मिनिटांत चौतीस उत्तरं आली. ग्रुपमध्ये बर्फात गाडी चालवलेला माणूस एकही नाही. सल्ला द्यायला मात्र एकही माणूस कमी पडला नाही.

चौथ्या मजल्यावरचे सावंतकाका तर चप्पल घालून वरच आले. काका रिटायर्ड कॅप्टन. सगळे समुद्र पालथे घातलेले. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला. हे घाटाच्या तोंडाशी गाडी बाजूला घेऊन थांबले होते.

“महेश, पोझिशन सांग!”

“काका, घाट उतरायचाय. आणि इथं गाडी उजवीकडून चालवतात, आधीच गोंधळ होतोय.”

“अरे, समुद्रात सगळे उजवीकडूनच जातात! आयुष्यात पहिल्यांदा तू बरोबर बाजूनं चालवतोयस. आता इंजिन डेड स्लो. ब्रेकला हात लावायचा नाही.”

“ब्रेकला पाय लावतात, काका.”

“काहीच लावू नकोस! जहाजाला ब्रेक असतो का? मग चाळीस वर्षं आम्ही काय धडकत फिरत होतो?”

मागून सावंतकाकू शांतपणे म्हणाल्या, “त्याला कारपार्कातला खांब पण सांगा. दोनदा ठोकलाय तो.”

*

आमच्यात मुग्धावहिनी तेवढी बर्फ बघून आलेली. ती पुण्याची, नवरा अभिजित आयटीत मॅनेजर. लग्नानंतर पाच दिवस मनालीला गेले होते. गाडी ड्रायव्हर चालवत होता आणि ही मागे बसून फोटो काढत होती. पण तेवढ्यावर बर्फ हा विषय कायमचा तिच्याकडे गेला.

एका सकाळी ह्यांनी गाडीचा फोटो पाठवला. पुढची काच बर्फानं गोठलेली, आतलं काही दिसत नव्हतं. मुग्धावहिनीनं लिहिलं, ‘कडकडीत गरम पाणी ओता. लगेच सुटेल.’

आमचे हे वहिनीच्या शब्दाबाहेर नाहीत. किटली उकळली आणि ओतली. काच कडकन वाजली, आणि ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा गेला!

मुग्धावहिनी म्हणाली, “मी कोमट म्हटलं होतं.”

अभिजितनं तिच्यासमोर मोबाईल धरला. मेसेजमध्ये ‘कडकडीत’ होतं, आणि पुढं आगीची तीन चित्रं.

वहिनी म्हणाली, “सुटलं की नाही पण?”

*

आता जॅकेटचं सांगते. सिंगापुरात जाड जॅकेट घरात ठेवणं म्हणजे बुरशीला पाहुणचार. म्हणून आमच्या अख्ख्या ग्रुपमध्ये एकच जॅकेट आहे. काळं, गुडघ्यापर्यंत. थंड देशात निघालेला माणूस ते घेऊन जातो आणि आल्यावर पुढच्याला देतो. त्या जॅकेटनं आमच्या सगळ्यांच्या पासपोर्टपेक्षा जास्त देश बघितलेत. ह्या वेळी ते ह्यांच्या अंगावर होतं.

एका संध्याकाळी बर्फामुळं रस्त्यावर तपासणी चालू होती. पोलिसानं लायसन्स मागितलं. ह्यांनी खिशात हात घातला, तर निघाला बाळाचा एक मोजा. दुसऱ्या खिशातून लिपस्टिक. आतल्या खिशातून कुणाच्या तरी मुलाची पासपोर्ट साइझच्या फोटोंची जोडी, आणि शेवटी प्लास्टिकची पुडी, आत हिरवट काहीतरी!

पोलिसानं पुडी बोटांत धरून वर उचलली. ह्यांना घाम फुटला. उणे सहा डिग्रीत! कोरियन येत नाही, म्हणून पुडी उघडून चिमूटभर तोंडात टाकली आणि चावून दाखवली. बडीशेप होती.

पोलिसानं वास घेतला. मग त्यानंही दोन दाणे खाल्ले. जरा विचार केला. मग आणखी चार.

लायसन्स शेवटी पँटच्या खिशात सापडलं. पुडी पोलिसानं परत केली, तेव्हा ती बरीच हलकी झाली होती. बडीशेप कुणाची, हे अजून कळलं नाही. लिपस्टिक कुणाची, ते मी लगेच विचारलं होतं!

*

आमच्या इथं हॉकर सेंटरमध्ये जेवायला गेलं, की आधी टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवतात आणि मग जेवण आणायला जातात. पाकीट ठेवलं म्हणजे टेबल तुमचं. कुणी हात लावत नाही. सात वर्षांत ही सवय ह्यांच्या हाडात मुरली आहे.

तर ह्यांनी खोलीसमोर अर्धा तास फावड्यानं बर्फ उपसून गाडीपुरती जागा केली. गाडी घेऊन दुकानातून दूध आणायचं होतं. आता जागा जाऊ नये म्हणून काय करावं? मधोमध टिश्यूचं पाकीट ठेवलं आणि निश्चिंत मनानं निघून गेले.

परत आले, तर त्या जागेत शेजाऱ्याची गाडी! शेजारी पाकीट दोन्ही हातांत धरून उभा. ह्यांना बघून कमरेत वाकला, पुन्हा वाकला. त्याला वाटलं, ह्या परदेशी माणसानं आपल्यासाठी जागा साफ केली, वर भेटही ठेवली.

दुसऱ्या दिवशी दाराबाहेर बारा पाकिटांचा गठ्ठा होता. त्यानंतर ह्यांनी रोज त्याची जागा साफ केली. “आता नाही कसं म्हणायचं?” म्हणाले.

*

चांगुलपणाचं आणखी एक. एका संध्याकाळी हे यार्डाबाहेर आले, तर कारपार्कातल्या सगळ्या गाड्यांचे वायपर उभे! ह्यांना वाटलं, पोरांचा चावटपणा असणार. इथं सिंगापुरात हे लिफ्टमध्येसुद्धा दुसऱ्यासाठी बटण दाबून उभे राहतात. जाता जाता एकूण एक गाडीचे वायपर नीट खाली लावले आणि मगच खोलीवर गेले. त्या गाड्या रात्रपाळीच्या लोकांच्या होत्या.

सकाळी सगळे वायपर काचांना चिकटून गोठलेले! बर्फ पडणार असला की तिथं वायपर मुद्दाम उभे करून ठेवतात. अख्खी रात्रपाळी घरी जायची सोडून काचा खरवडत बसली.

दुपारी यार्डाच्या नोटीस बोर्डावर कॅमेऱ्यातला फोटो लागला. तोंडावर मफलर होता, तरी अंगावरचं जॅकेट बघून सगळ्यांनी ओळखलं.

सावंतकाका म्हणाले, “शाब्बास. आपल्यातला पहिला माणूस बोर्डावर लागला.”

*

आता माझंही सांगते, नाहीतर म्हणाल दुसऱ्यांनाच हसते.

डिसेंबरात इथल्या एका मॉलबाहेर संध्याकाळी बर्फ पाडतात. म्हणजे मशीननं साबणाचा फेस उडवतात. मी म्हटलं, आपला माणूस कशातून गाडी चालवतो ते बघून तरी यावं. ओवीला घेऊन गेले. गर्दी, गाणी, आणि वरून पांढरं पांढरं पडतंय. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. ह्यांना व्हिडिओ कॉल लावला आणि चालत चालत म्हटलं, “अहो, जपून हो, फार घसर...”

पुढचा शब्द मी खाली पडून बोलले.

ओवी कमरेवर हात ठेवून म्हणाली, “Aiyo, Mummy! This one soap, lah!”

मनगट सुजलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मुग्धावहिनीनं टॅक्सी करून नोव्हेनाच्या हॉस्पिटलात नेलं. डॉक्टर तरुण, भला माणूस. विचारलं, कसं झालं? मी जमवून ठेवलेलं इंग्रजी काढलं. म्हटलं, “डॉक्टर, स्नो. आय स्लिप.”

डॉक्टरनं एकदा माझ्याकडे बघितलं. एकदा खिडकीबाहेर बघितलं. बाहेर लख्ख ऊन आणि बत्तीस डिग्री. मग त्यानं हळूच विचारलं, “डोक्याला पण लागलंय का?”

हिवाळाभर बर्फानं आमच्या ग्रुपमधला एकच माणूस पाडला. तो मी.

*

शेवटचा दिवस. दुसऱ्या सकाळी ओवीची शाळा. दप्तर भरून दाराशी, युनिफॉर्मला इस्त्री, आणि ओवी दर दहा मिनिटांनी बूट घालून बघत होती. ह्यांचं विमान संध्याकाळचं. दुपारी एकला खोलीवरून निघायचं, तासाभरात विमानतळ, तिथं गाडी कंपनीच्या माणसाला द्यायची, रात्री घरी. साधं होतं. पण साडेबाराला बर्फ सुरू झाला, आणि तोही असा की ह्यांनी फोटो पाठवला त्यात नुसतं पांढरं होतं.

सगळे आमच्या हॉलमध्ये जमले. सावंतकाकांनी नकाशा उघडला आणि दर दहा मिनिटांनी फोन करून पोझिशन घ्यायला सुरुवात केली. मुग्धावहिनीनं चाकांना साखळ्या लावल्या का, ते विचारलं. अभिजितनं विमान वेळेवर आहे, ते कळवलं. काकूंनी जेवला का, ते विचारलं. मी काही विशेष नाही, नुसता आवाज ऐकायला पाच वेळा फोन केला.

पावणेतीनला पुन्हा लावला, तर फोन बंद. एक बाई कोरियन भाषेत काहीतरी सांगत होती. तिचा आवाज इतका गोड होता की मला तिचा राग आला.

तीन वाजले. फोन बंद. साडेतीन. बंद.

मला खरी भीती वाटली ती सावंतकाकांमुळं. एक महिना ज्यांचं तोंड मिटलं नव्हतं, ते काका नकाशा बंद करून खिडकीशी जाऊन उभे राहिले. म्हणाले, “रूपाली, बाळ, सगळ्यांना चहा ठेव.” मी चहा ठेवला. साखर किती घातली, घातली की नाही, काही माहीत नाही. सगळ्यांनी तो तसाच प्यायला. ओवी बूट घालून सोफ्यावर बसून होती, काढायला तयार नव्हती.

चार वाजून पन्नास मिनिटांनी फोन वाजला. “पोचलो. विमान मिळतंय. आल्यावर सांगतो.” एवढंच, आणि ठेवला. काकूंनी नाकाला पदर लावला. काका म्हणाले, “मला माहीत होतं,” आणि डोळे पुसले.

सकाळी शाळेच्या दारात पालकांची रांग होती. हे रांगेत उभे, डोळे लाल, पायांत अजून ते जाड बूट. ओवीनं त्यांचा हात दोन्ही हातांनी धरलेला. तिथंच मी विचारलं, “अहो, फोन का बंद केलात? आमचा जीव गेला होता.”

हे म्हणाले, “गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही, हे सिंगापुरात अंगात भिनलंय ना. म्हणून प्रत्येक फोनला गाडी बाजूला घेऊन थांबलो. सतरा वेळा. दर वेळी थांबलं की चाकं जरा जरा रुतायची. सतराव्याला अशी रुतली की हलेचना.”

“सतरावा कुणाचा होता?”

“तुझा.”

रांग एक पाऊल पुढं सरकली.

“मग?”

“मग एक म्हातारा ट्रॅक्टर घेऊन आला. शेतकरी असावा. दोर बांधला, गाडी ओढून रस्त्यावर आणली. मी त्याचे आभार मानतोय, तेवढ्यात परत फोन वाजला. मी घेणार, तर म्हाताऱ्यानं हात पुढं केला. मला वाटलं, ह्याला बोलायचंय. दिला. त्यानं स्क्रीनवर बघितलं. तुझा फोटो येतो ना, तो. फोटोला कमरेतून वाकून नमस्कार केला. मग फोन बंद केला, माझ्या खिशात घातला, वरून दोन थापा मारल्या आणि रस्त्याकडे बोट दाखवलं.”

तर एवढं करा. तुमच्या ओळखीत कुणाचा नवरा, मुलगा, जावई बर्फाच्या देशात गाडी चालवत असेल, तर त्या म्हाताऱ्याचा सल्ला नक्की कळवा. त्याला नको. त्याच्या घरी कळवा!