बैलाच्या पोटात घातलेलं आमचं सूत

माझं पोट बैलाच्या पोटावर चालतं. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात कडबा, कुटार जे काही जाईल ते पचवून देणारे जंतू असतात, त्यांच्या जनुकांचा शोध घ्यायचं काम मी करतो. पाहुण्यांना हे सांगितलं की ते चहाचा कप जरा लांब सरकवतात.

आमच्या घरची अडचण निराळी होती. आम्ही विणकर. सक्करदऱ्याच्या वस्तीतल्या घरात बाबांचा खड्ड्याचा माग, आणि माझ्या जंतूंना आवडणाऱ्या पदार्थांत कापूस वरच्या नंबरावर. म्हणजे बापानं विणायचं आणि पोरानं ते खाणाऱ्यांची बाजू घ्यायची!

पदवी झाल्यावर मी पुढे शिकायचं म्हटलं, तेव्हा बाबा म्हणाले, “आणखी किती पुढं? बैलाच्या तोंडातून शिरला, आता शेपटीकडून निघतं काय गा?”

मी पुस्तकी मराठीत समजावू लागलो. कॉलेजच्या बैलाच्या कुशीला एक भोक आहे, त्याला रबराचं झाकण आहे. नायलॉनच्या जाळीदार पिशवीत सूत घालून आत सोडायचं, दोन दिवसांत जंतू त्याचा भुगा करतात.

बाबांनी मागावर धावणारा धोटा थांबवला. “माह्या सुताचा?”

“कापूस तो कापूस, बाबा.”

हे वाक्य मी बोलायला नको होतं.

“ठीक हाये. आपलंच सूत ने. खाल्लं तं शिक. नाही खाल्लं तं चूपचाप मागावर बस.”

आईनं दुपारी सुताची गुंडी आणून हातात दिली. संध्याकाळपर्यंत मोहल्ल्याला खबर. पानठेल्यावर लोक विचारू लागले, “कोण जिंकून राहिलं गा, बैल का बुढा?” माझं नाव कोणीच घेत नव्हतं.

दोन दिवसांनी पिशवी काढली. वास पिशवीसोबत आला, तो आठवडाभर गेला नाही. सूत धुतलं, ताणलं. तुटेना. आणखी ताणलं, तर माझंच बोट कापलं. मला पुढचं सगळं आयुष्य मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेलं दिसलं.

बाबांनी ते सूत दारात उभं राहून चारचौघांसमोर ताणून दाखवलं. “पाहा! कॉलेजच्या किड्याईचे दात पडले!” मग आत येऊन मला म्हणाले, “उद्या सकाळी लवकर उठजो.”

जेवताना आई माझ्या ताटात भात वाढत हळूच म्हणाली, “टिकणारच होतं. बैलाच्या पोटात गेलं म्हणून काय झालं, चार लोक तं पाहतीनच म्हणून मी चांगली दाट खळ लावून देल्ली होती.”

माझा घास हातातच राहिला. खळ म्हणजे पिठाची पेज! जंतूंना आयतं पीठ मिळालं होतं, ते कापसाला कशाला तोंड लावतील? मी उष्ट्या हातानं ओरडलो, “बाबा, हे जंतू सोपं खाणं मिळालं की अवघड काम करतच नाहीत! पुन्हा करू, बिनखळीचं सूत द्या!”

आज आम्ही संशोधक हेच जरा भारी शब्दांत सांगतो, की साखर-पीठ हाताशी असलं की कापूस फोडणारी जंतूंची जनुकं गप्प बसतात.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या ताटातल्या भाताच्या ढिगाकडे.

“म्हणजे आयतं भेटलं का ते कामाले हात लावत नाहीत?”

“अजिबात नाही!” मी अभिमानानं म्हणालो.

आईनं तोंडाला पदर लावला.

“तं मंग जाय गा, त्याईच्यातच जाय. तुह्याच गोतातले हायेत ते. मागावर बसला तं माहं सूत खराब करशीन.”

अशी मला पुढच्या शिक्षणाची परवानगी मिळाली. पुन्हा प्रयोग करायला मात्र त्यांनी सूत दिलं नाही. ते पहिलं सूत त्यांनी मागाच्या खांबाला बांधून ठेवलं, आणि लुगडं घ्यायला बाई आली की ते दाखवत म्हणायचे, “बैलाच्या पोटातून आलं, तरी तुटलं नाही, पाह्य वं!”

माझ्या विद्येचा आमच्या धंद्याला झालेला उपयोग तो एवढाच.