तिसऱ्यांदा विचारल्यावर

सेल्मर क्वामने आपल्या भावजयीच्या गोळ्यांची बाटली तळ्यात पाडली. नेम धरून पाड म्हटलं असतं तर त्याला सात जन्मांत जमलं नसतं. जानेवारीतलं तळं, वर दीड हात जाडीचा बर्फ, बर्फावर सेल्मरची पत्र्याची खोपी आणि खोपीच्या मधोमध मासे धरायला पाडलेलं वीतभर रुंदीचं भोक. अख्ख्या तळ्यात बाटली बुडू शकेल अशी तेवढीच जागा होती. त्याच्या हातून उडालेली बाटली स्टोव्हवर एक टप्पा आणि ट्रिग्वे कुत्र्याच्या डोक्यावर दुसरा टप्पा घेऊन थेट तिथेच गेली. झाकण मात्र सेल्मरच्या हातात राहिलं.

त्याचा गुन्हा इतकाच, की तो मदत करायला गेला. आर्डिस रोज सकाळी खाण्याबरोबर गोळी घेते. उपाशीपोटी नाही, संध्याकाळी तर नाहीच, कारण संध्याकाळी घेतली की ती पहाटेपर्यंत कपाटं आवरत बसते. त्या शनिवारी मासेमारीची स्पर्धा, दोघं उजाडतानाच बर्फावर आलेली, म्हणून न्याहारीचा डबा आणि बाटली दोन्ही बरोबर. बाटलीचं झाकण लहान मुलांना उघडता येऊ नये म्हणून बनवलेलं असतं. लहान मुलांना ते उघडतं, फक्त आपल्याला उघडत नाही. सेल्मर म्हणाला, मी उघडून देतो. आर्डिस म्हणाली, नको. सेल्मर म्हणाला, अगं दे. ती म्हणाली, राहू दे, तुझे हात गारठलेत. सेल्मरने तिसऱ्यांदा हात पुढे केला, तेव्हा ती म्हणाली, बरं, आता हात पुढे केलाच आहेस तर. आणि बाटली त्याच्या स्वाधीन केली.

आमच्या हालिंग लेक गावात पहिल्या 'नको'ला काहीच अर्थ नसतो. तो नुसता घसा साफ करणं असतो. दुसरा 'नको' चांगल्या घरातलं असल्याची खूण. तिसऱ्यांदा विचारल्यावर माणूस 'बरं, अगदी थोडंसं' म्हणतो आणि पोटभर खातो. तिसऱ्यांदाही कोणी 'नको' म्हणालं तर समजायचं, त्याला खरंच नकोय. असं गावात फार क्वचित घडलेलं आहे. आर्डिस या शास्त्रातली अधिकारी बाई. चर्चच्या तळघरातलं स्वयंपाकघर तिच्या ताब्यात, लेफ्से लाटावी तर तिनेच. बटाट्याची ती पोळी इतकी पातळ, की तिच्यातून स्तोत्रांचं पुस्तक वाचता यावं. आणि बशीतला शेवटचा तुकडा तिने आयुष्यात कधी उचलला नव्हता. आमच्याकडे शेवटचा तुकडा कोणीच उचलत नाही. जो तो त्याचा अर्धा कापून घेतो, मग अर्ध्याचा अर्धा, आणि शेवटी बशीत एक कण उरतो तो ट्रिग्वे चाटतो.

तर अशी ही बाई गेल्या उन्हाळ्यात आखडली. खांदे वर जाईनात, सकाळी पलंगावरून उठायला अर्धा तास लागे. तिने कोणापाशी चकार शब्द काढला नाही. स्वेटर दाराच्या कडीला अडकवून ती त्यात पाठमोरी शिरायची. सेल्मरला संशय आला तो निराळ्याच गोष्टीने. एक दिवस त्याने तिच्या हातातली किराण्याची पिशवी मागितली आणि तिने पहिल्याच खेपेला दिली. तो तिला तसाच डॉक्टर फोसम बाईंकडे घेऊन गेला. बाईंनी विचारलं, कसं वाटतंय? आर्डिस म्हणाली, तसं काही वाईट नाही. बाई याच मातीतल्या, म्हणून आर्डिस वाचली. 'तसं काही वाईट नाही' ऐकताच त्यांनी रक्त तपासायला घेतलं. स्नायूंना आतून सूज येणारा आजार निघाला आणि त्यावर प्रेडनिसोन, म्हणजे पोटात घ्यायचं स्टेरॉइड, सुरू झालं.

तिसऱ्या दिवशी आर्डिस शिडीवर चढून छत पुसत होती. दुसऱ्या आठवड्यात चर्चच्या कॉफीच्या वेळी तिने बशीतला शेवटचा तुकडा, लिंबाच्या वडीचा, न कापता अख्खा उचलला आणि खाल्ला. तळघरात चमचे थांबले. पाद्रीबाईंनी डोळे मिटून घेतले, प्रार्थना करत होत्या की हसू दाबत होत्या ते कळलं नाही. सेल्मरने सगळ्यांना समजावलं, की हा औषधाचा गुण, भूक लागते, चेहरा गोल होतो, झोप उडते, आणि ती जर कोणाला फाडकन काही बोलली तर तेही औषधच समजा. त्यावर एकजण म्हणाला, की वीस वर्षांपूर्वी ती मला बोलली होती, तेव्हा कुठलं औषध चालू होतं?

मग बाईंच्या तक्त्याप्रमाणे डोस हळूहळू उतरू लागला, आणि डोस उतरला तसा आर्डिसचा संकोच परत आला. ऑक्टोबरात ती एकदा 'नको' म्हणू लागली. नाताळपर्यंत दोनदा. गावाला तिच्या गोळ्यांची मात्रा बाईंच्या आधी कळायची.

आणि आता सगळा साठा तळ्याच्या तळाशी. सेल्मरने कोपरापर्यंत हात पाण्यात घालून पाहिला, हाताला फक्त थंडी लागली. आर्डिसने डबा बंद केला, जाकीट चढवलं आणि म्हणाली, चल घरी. शेजारच्या खोपीतल्या माणसाला त्यांनी ते भोक देऊन टाकलं. त्याने तिथून दुपारपर्यंत एकोणीस मासे काढले आणि स्पर्धा जिंकली. माशांना भूक लागली होती, असं सेल्मर अजून सांगतो.

गावातलं औषधाचं दुकान शनिवारी बंदच असतं. पण दारावर घरचा नंबर लिहिलेला असतो. औषधवाला रूबेन आर्मिहो वर्षभरापूर्वी ॲरिझोनातून, म्हणजे पार वाळवंटातून, आलेला. गुणी पोरगा, नोव्हेंबर ते एप्रिल दोन कोट एकावर एक घालतो. आर्डिसने फोन लावला. सेल्मर शेजारी उभा राहून ऐकत होता आणि ऐकता ऐकता त्याचे उरलेसुरले केस उभे राहिले.

आर्डिस म्हणाली, गोळ्यांची एक बाटली जरा ओली झालीय. रूबेनने विचारलं, दुकान उघडून देऊ का? आर्डिस म्हणाली, छे छे, तुझी सुट्टी कशाला मोडतोस. रूबेन म्हणाला, सोमवारपर्यंत भागेल? आर्डिस म्हणाली, भागवून घेईन. रूबेन बिचारा ॲरिझोनाचा. त्याने ऐकलं ते खरं मानलं, काळजी घ्या म्हणाला आणि फोन ठेवला.

आर्डिस रिसीव्हरकडे बघत राहिली.

"एकदाच विचारलं," ती म्हणाली.

"मग तू हो म्हणायचं होतंस."

"पहिल्यांदा? फोनवर?"

मग तिने ठरवून टाकलं, की झालं ते बरंच झालं, नाहीतरी खांदे आता ठीक आहेत, बंदच करावं एकदाचं. डॉक्टर बाईंनी दोघांना समोर बसवून सांगितलेलं सेल्मरला पाठ होतं. मूत्रपिंडांवर टोप्यांसारख्या दोन ग्रंथी असतात, त्या शरीराला लागणारं स्टेरॉइड स्वतः बनवतात. बाहेरून महिनोन्महिने आयतं मिळालं की त्या झोपी जातात. त्यांना हळूहळू उठवावं लागतं, म्हणून तो तक्ता. एकदम बंद केलं तर माणूस गळून जातो, चक्कर येते, उलट्या होतात, जिवावरही बेतू शकतं. सेल्मरने तीस वर्षं शाळेची बस चालवलेली. त्याने ते आपल्या भाषेत सांगितलं.

"तुझा नेहमीचा ड्रायव्हर सहा महिने रजेवर आहे. बदलीवाल्याला तू भर रस्त्यात खाली उतरवणार. गाडीत पोरं आहेत, आर्डिस."

"सोमवारपर्यंत पोरं गप्प बसतील."

सेल्मरला तेवढ्यात ट्रिग्वे आठवला. ट्रिग्वेला खाजेसाठी गुरांच्या डॉक्टरने गोळ्या दिल्या होत्या, आणि बाटलीवर नाव तेच, प्रेडनिसोन. त्याने ती बाटली टेबलावर ठेवली. आर्डिसने चष्मा लावून वाचली. कुत्र्याकडे पाहिलं. कुत्र्याने तिच्याकडे पाहिलं. दोघांचीही वजनं त्या वर्षी वाढलेली.

"त्याला कमी पडतील," आर्डिस म्हणाली आणि बाटली परत सरकवली.

हा कुत्र्याच्या गोळ्यांना पहिला 'नको', हे ओळखून सेल्मर घाबरला. आणखी दोनदा विचारलं तर ती घेईल, आणि किती द्यायची ते त्याला ठाऊक नव्हतं. तो बाटली घेऊन बाहेरच्या व्हरांड्यात गेला, तिथून रूबेनला फोन केला आणि विचारलं, की कुत्र्याची गोळी माणसाला किती द्यावी?

रूबेनने एकेक करून सगळं काढून घेतलं. कोण माणूस, कुठली बाटली, ओली म्हणजे किती ओली. तळाशी आहे, वीस फुटांवर, म्हटल्यावर तो जवळजवळ ओरडला. कोणाच्याही गोळ्या कोणी घ्यायच्या नाहीत, कुत्र्याच्या तर नाहीच, ताकद वेगळी असते, मात्रा वेगळी असते. आजची गोळी आजच पोटात गेली पाहिजे. मी सुट्टीच्या दिवशी पाळीवर असलेल्या डॉक्टरांना विचारतो आणि घेऊन येतो.

"ये," सेल्मर म्हणाला, "पण तीनदा विचार."

"काय तीनदा विचारू?"

"घेता का म्हणून. दोनदा ती नाही म्हणेल. ते मनावर घेऊ नकोस."

अर्ध्या तासाने रूबेन दारात उभा, दोन कोट, पापण्यांवर हिमकण, हातात कागदी पिशवी. आर्डिसच्या मागे सेल्मर बोटांनी मोजायला सज्ज. रूबेन म्हणाला, गोळ्या आणल्यात, घ्या. आर्डिस म्हणाली, अरे कशाला एवढ्या थंडीत आलास, नको. सेल्मरने एक बोट दाखवलं. रूबेन म्हणाला, आणल्याच आहेत. ती म्हणाली, सोमवारी मी आलेच असते ना, नको. दोन बोटं. आणि इथे त्या पोराच्या दातांवर दात आपटायला लागले आणि तो पुढचं विसरला. त्याने खिन्न चेहऱ्याने मान हलवली आणि पाठ फिरवली. सेल्मर तीन बोटं नाचवत होता, पण पाठीला डोळे नसतात. आर्डिसचा हात किंचित पुढे झाला आणि तिथेच थांबला. आपण होऊन मागणार तरी कशी?

दोन पायऱ्या उतरून रूबेन वळला.

"बाई, तुम्ही गोळी घेतलेली डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी इथून हलणार नाही. आणि मी गोठलो तर तुमचंच अंगण अडेल."

"मग आधी आत तरी ये," आर्डिस म्हणाली आणि पिशवी त्याच्या हातातून घेतली.

तिने टोस्ट भाजला, टोस्टबरोबर गोळी घेतली. रूबेनने बजावलं, की उद्या नेहमीसारखी सकाळी एकच, चुकली म्हणून दोन नाहीत. मात्रा बदलायची ती डॉक्टर बाईंनीच, आणि बरं वाटतंय हे बंद करायचं कारण नाही. स्टेरॉइड चालू असल्याचं कार्ड पाकिटात ठेवा, दात काढायला गेलात तरी सांगा. ताप आला, उलट्या झाल्या तर त्याच दिवशी फोन करा, आणि फोनवर 'तसं काही वाईट नाही' म्हणू नका. आर्डिसने सगळं निमूट ऐकलं. मग कॉफी घेणार का, म्हणून विचारलं. रूबेन पहिल्याच वेळी हो म्हणाला. आर्डिस किटली धरून क्षणभर उभी राहिली, मग तिने त्याचा कप काठोकाठ भरला.

पुढच्या शनिवारी दोघं पुन्हा बर्फावर. बाटली घरी, कपाटात. आर्डिसने पेपरमिंटच्या चपट्या डबीत त्या दिवसापुरती एकच गोळी आणली होती. डबीचं झाकण थंडीने घट्ट बसलेलं. ती नखाने खटपट करत होती. सेल्मरला आठवडाभर मन खात होतं, तो हातमोजे काढून, हात स्टोव्हवर शेकून तयार बसला होता. शेवटी राहवेना.

"मी उघडून देऊ का?"

आर्डिसने डबी छातीशी धरली, बूट भोकावर ठेवला आणि म्हणाली, "तिन्ही 'नको' एकदमच घे."