‘क्विट’ आणि वाटीभर दही

क्रियापद नीट कळले की साम्राज्य बुडते, असे आमच्या शाळेतले इंग्रजीचे मास्तर उपरणे झटकून सांगत. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात क्रियापदे फारशी कुणाला कळत नसत. साम्राज्य बरेच टिकले.

बेचाळीस साली भिंतीभिंतीवर ‘क्विट इंडिया’ उमटले आणि मास्तरांना आपले क्रियापद सापडले. शाळेतले निम्मे शिक्षक तुरुंगात गेले. मी उरलेल्या निम्म्यांत होतो; मला तुरुंगाची हौस नव्हती. मास्तरांना इतकी, की वळकटी बांधून दाराशी ठेवलेली. पण मिरवणुकीत ते घोषणा थांबवून व्युत्पत्ती सांगू लागत आणि पोलीस तेवढ्यात बाकीच्यांना घेऊन जात.

“क्विटच्या मुळाशी लॅटिनमधली शांती आहे,” ते म्हणत. “हाकलायचे नाही. मोकळे करायचे. रीतसर निरोप द्यायचा.”

रीतसर म्हणजे काय, ते एका सकाळी कळले. कचेरीवरच्या मोर्चात मास्तर दह्याची वाटी घेऊन सर्वांच्या पुढे! प्रवासाला निघालेल्याच्या हातावर आपण दही घालतो, ते इंग्रजांच्या हातावर घालायचे होते.

मागून एक पेन्शनर सुभेदार ओरडला, “आवं मास्तर, दही दिलं की मानूस माघारी येतो! ह्यास्नी परत बोलावताय व्हय?”

“मुळाशी शांती आहे!” मास्तर म्हणाले.

गावात इंग्रज एकही नव्हता. सरकार म्हणावे असा एक फौजदार तेवढा कचेरीच्या पायरीवर उभा होता. मास्तरांनी दही त्याच्या हातावर घातले. त्याने ते चाटले आणि घरातल्या वडीलधाऱ्यांपुढे वाकतो तसा सवयीने वाकून त्यांच्या पाया पडला. अख्खा मोर्चा बघत राहिला.

“आता धरा मला,” मास्तर आनंदाने म्हणाले.

“आता कसं धरू, मास्तर? पाया पडलो न्हवं तुमच्या!”

“अहो, वळकटी बांधून तयार आहे!”

“सोडा ती. कसर लागंल.”

मोर्चातले बाकी सारे पकडले गेले; मी रस्त्याच्या कडेला उभा होतो म्हणून सुटलो. मास्तर रिकामी वाटी घेऊन माझ्याबरोबर घरी आले. माझ्याकडे न बघता त्यांनी वळकटी सोडली आणि सतरंजीची घडी घालून ठेवली.

इंग्रज दही न खाता गेले आणि परत आले नाहीत. फौजदाराची बदली पाटणला झाली. वर्षाच्या आत तो परत आमच्याकडे. मग सांगली संस्थान विलीन झाल्यावर तिकडे, तिथूनही परत. दोन्ही वेळा निघताना तो मास्तरांच्या दारात येऊन हात पुढे करी. मास्तर दही घालत आणि ‘क्विट’ची व्युत्पत्ती पहिल्यापासून सांगत. तो टोपी काढून ऐके.

तिसऱ्या बदलीच्या वेळी मास्तर हयात नव्हते. फौजदार दाराशी थोडा थांबला आणि तसाच गेला.

तो पुन्हा आला नाही.