अर्धा धवला

दिपालीनं बनवलेल्या मोबाइल गेमचं नाव ‘हळद हरवली’. एरवी ती पूर्णा गावातल्या एका गोदामाच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसायची आणि सुट्टीच्या दिवशी निजामपुऱ्यात मैत्रिणीच्या, उज्माच्या घरी. चित्रं उज्माची, बाकी सगळं दिपालीचं. खेळ तसा साधा होता. लग्नघरातली हळद हरवली आहे, ती शोधायची. चित्रात जिथं काही दडलंय असं वाटेल तिथं बोट टेकवायचं, सापडेल ती वस्तू उचलायची, एका वस्तूचा दुसरीशी मेळ बसला की पुढचं दार उघडायचं. त्यात मारामारी नव्हती, पळापळ नव्हती.

मेळ बसणंच अवघड होतं. आंब्यावरची किल्ली काढायला खोक्याची चिकटपट्टी बांबूला गुंडाळायची, हे दिपालीशिवाय जगात कुणाला सुचलं नसतं. गेमवर बोलणाऱ्या एका चॅनेलवाल्यानं ते व्हिडिओत उघड सांगितलंही. “चित्रं अप्रतिम. कोडी डोकं फिरवणारी. पण अडलात की मांडवाच्या दाराशी बसलेल्या म्हातारीवर क्लिक करा. ती धवला गाते. त्या आवाजासाठी तरी हा गेम खेळाच.”

लोक पदोपदी अडायचे, म्हणून पदोपदी म्हातारीवर बोट ठेवायचे. गेमची खोड आणि गेमचं मोठेपण असं एकाच जागी येऊन बसलं होतं.

तो आवाज आक्काचा होता. आक्का म्हणजे दिपालीची थोरली आत्या, गावची धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात धवले, म्हणजे लग्नविधींची गाणी, गाऊन हळद लावणारी. “भटजी उशिरा आला तं चालंल, धवलारीण उशिरा येऊन चालाचा न्हाय,” असं ती ऐटीत म्हणायची. एका चुलतबहिणीच्या हळदीत दिपालीनं तिचा धवला फोनवर घेतला होता. गेममध्ये श्रेय देताना मात्र तिचा हात अडखळला. शहरातली माणसं वाचणार, आत्याचं नाव घरगुती वाटेल. तिनं लिहिलं, ‘आवाज : एक ग्रामीण स्त्री’. आक्काला तर विचारलंच नव्हतं. तिला काय कळणार, असं तेव्हा वाटलं होतं.

रविवारी दुपारी आक्का सुकवलेल्या कोळंबीचे सोडे निवडत ओटीवर बसली होती. दिपालीची चाहूल लागताच म्हणाली, “गो दिपाले, त्या शेजारचे हेमालीचे फोनान मीच गातंय काय गो?”

दिपालीच्या कानशिलांना चटका बसल्यासारखं झालं. “हो आक्का. ते… गेममध्ये घेतलंय.”

“दाव बगू. मी कशी दिसतंय?”

नाही म्हणायला तोंड नव्हतं. दिपालीनं फोन समोर धरला. आक्कानं हात पदराला पुसले आणि चित्रातल्या म्हातारीकडे निरखून पाहिलं.

“नाक बरा काढलाय. पन लुगडा आमच्यासारखा न्हाय नेसलेली.”

“उज्मानं काढलंय.”

“तिला बोलाव एकदा. नेसवून दावीन.”

मग आक्कानं बोट टेकवलं. फोनमधून तिचाच आवाज निघाला, ‘हलदीचा हात गो लागला दाराला…’ आणि तिथंच तुटला.

आक्का थांबली. पुढचं येईल म्हणून वाट पाहिली. मग खाली मान घालून हलक्या आवाजात म्हणाली, “दारानं वलखली पोर गो आपली.”

तिनं पुन्हा बोट टेकवलं. पुन्हा अर्धी ओळ. पुन्हा तिनं ती पुरी केली. दिपालीला वाटलं, आता ती रागावेल. पण आक्का रागावली नाही. जितक्यांदा फोननं ओळ तोडली तितक्यांदा तिनं ती सांधली, सांडलेले तांदूळ वेचावेत तशी.

“आक्का, पुरे.”

“अर्धा सोरायचा न्हाय गो. धवला मदीच सोरला तं नवरी दारातच उबी ऱ्हाते, आमची आय सांगाची.” तिनं फोन परत दिला. “पुरचा कुठं गेला? खराब झाला?”

खराब झालं असतं तर बरं, असं दिपालीला वाटलं. खरं असं होतं की त्या दिवशी जेवणाची पानं मांडली होती, सगळे बोलवत होते, आणि तिनं मध्येच रेकॉर्डिंग बंद करून टाकलं होतं. पुढची ओळ तिनं घेतलीच नव्हती. ऐकलीसुद्धा नव्हती.

“मी जेवायला उठले होते,” ती म्हणाली.

आक्का हसली. “भूक लागली आसंल पोरीला.”

ते हसणं शिवीपेक्षा जास्त लागलं. काहीतरी भरून काढायला हवं म्हणून दिपाली घाईनं म्हणाली, “तू आता म्हण ना पूर्ण. मी घेते.” बोलता बोलता तिचा अंगठा लाल बटणावर गेलाही होता. तो पाहून तिला स्वतःचीच किळस आली.

आक्कानं सोड्यांतलं एक टरफल बाजूला टाकलं. “मांडव कुठं हाय गो? वैशाखात आपले हरेशचा लगीन हाय. तवा ये. बस माज्यापाशी, उठू नको.”

मुंबईच्या एका गेम-कंपनीला गेम दाखवायचा होता, आणि वैशाख दूर होता. तरी दिपालीनं त्याच संध्याकाळी गेममधून आक्काचा आवाज काढून टाकला. उज्माचा फोन आला.

“दिपाली, पागल झालीस का? म्हातारी मुकी झाली! गेम की जान निकाल दी तूने.”

“विचारलं नव्हतं गं तिला.”

“तो अब पूछ ना!”

“विचारलं. ती वैशाखात ये म्हणाली. तुलाही बोलावलंय, लुगडं नेसवून दाखवायला.”

उज्मा म्हणाली, “और साडी गलत है क्या? सच बता.”

कंपनीतला माणूस आंब्याच्या किल्लीपाशीच अडला. त्यानं म्हातारीवर बोट ठेवलं. तिचे ओठ हलले. त्यानं फोन कानाशी नेला, आवाज वाढवून पाहिला.

“व्हिडिओत तर फार सुरेख आवाज होता. लोड होत नाहीये का?”

दिपालीनं मान खाली घातली. “काढलाय. आक्काचा आहे, माझ्या आत्याचा. तिला न विचारता घेतला होता.”

“बरं,” तो म्हणाला, आणि पुन्हा बांबूवर, पुन्हा आंब्यावर बोट टेकवत राहिला. दार काही उघडलं नाही. दिपाली ते बघत समोर बसून राहिली, मध्येच उठली नाही.